ओटीची तुळई, आगरातला झोपाळा

केळशीच्या आमच्या घरात वाढलेली भावंडांची पिढी आता पन्नाशी-साठीत आहे. चुलत, आते, मामे असा हिशेब आमच्यात कोणी ठेवला नाही. परीक्षा आटोपल्या की मुंबईची, पुण्याची, बडोद्याची पोरं दापोलीहून येणाऱ्या एसटीतून उतरायची, पाखाडीवरून धावत सुटायची आणि हातपाय धुवायच्या आधी झोपाळ्यावर जागा धरायची. चैत्रातला महालक्ष्मीचा रथ ज्या वर्षी आम्हाला गाठता यायचा, त्या वर्षी तर ओटीवर पाय ठेवायला जागा नसे.

झोपाळा ओटीच्या मधोमध, सागाच्या तुळईला टांगलेला. फळी फणसाची, उंच माणसानेही पाय न दुमडता आडवं व्हावं एवढी लांब. तिच्या वेळा ठरलेल्या होत्या. सकाळी आजोबा, बाजूला पानाचा डबा, अडकित्ता आणि कालचं वर्तमानपत्र. दुपारी पुरुषमंडळी आत कलंडली की माजघरातून आजी आणि काकवा बाहेर येत. आजी झोपाळ्यावर बसलेली आम्ही पाहिली ती तेवढ्याच वेळात. पायाने अगदी हलका रेटा देत ती भरताची वांगी, जावयाचं पत्र, विहिरीचं पाणी असलं काहीबाही बोलायची. बाहेर बेड्याचा आवाज झाला की लगेच उठायची. तेव्हा ते आमच्या नजरेत भरलं नाही. आता भरतं, आणि वाईट वाटतं.

तिन्हीसांजेला झोपाळा पोरांचा. शुभं करोति, मग पाढे, मग पावकी-निमकी. पाढा चुकला की खाली उतरायचं, हा नियम आजोबांचा. एकोणतीसच्या पाढ्याने कितीतरी जणांना जमिनीवर आणलं. थोरल्या आत्याला मात्र कोणीच कधी उतरवू शकलं नाही. तिची औटकीसुद्धा पाठ होती.

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं. ते जमिनीवर चढलं रायगडच्या किनाऱ्याला, पण सावित्रीच्या खाडीअलीकडे वेळास, केळशी, आडे, आंजर्ले या पट्ट्याला त्याने सोडलं नाही. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटरचा. माड मुळासकट उपटले, पोफळी मधोमध मोडल्या आणि त्यांच्या सावलीतली जायफळं त्यांच्याखाली चिरडली. नवा माड धरायला सहा-सात वर्षं जातात, पोफळीलाही जवळपास तेवढीच. म्हणजे सत्तरीतल्या माणसाने तेव्हा लावलेलं रोप नुसतं झाड नव्हतं, ती पुढच्यांसाठी केलेली तजवीज होती. गावात कित्येक आठवडे वीज नव्हती. करोनामुळे बाहेरगावच्यांना सहज येताही येत नव्हतं. आमच्या घरावर परसातला जुना आंबा आडवा झाला आणि ओटी-पडवीचं छप्पर खाली आलं. माजघर वाचलं.

पुढे आम्ही जमलो तेव्हा खळ्यात लाकडाचा ढीग होता. ओटीवर आता लोखंडी कैच्या आणि वर पत्रे घालायचं ठरलं. शाकारणीला माणसं मिळत नाहीत, हे खरंच होतं. जुन्या सागाला गिऱ्हाईक तयार असतं. एक व्यापारी येऊन भाव सांगूनही गेला. आत्या पडवीच्या जोत्यावर बसली होती. ती एवढंच म्हणाली, “ओटीचं लाकूड विकायचं नाही हो. काय करायचं ते तुम्ही ठरवा.” त्यावर कोणी वाद घातला नाही. आगरात जिथे माड पडून उघडं आभाळ झालं होतं, तिथे झोपाळा उभा करायचं ठरलं.

लाकूड निवडायला सुतारमामा आले. त्यांचे वडील आमच्याकडे कामाला येत. मामांनी प्रत्येक तुकड्यावर हातोडीने टिचकी मारली. खणखणीत आवाज आला तो डावीकडे, भद्द आला तो उजवीकडे. वाळवीने वरचा पापुद्रा तसाच ठेवून आतून पोखरलेला वासा नुसत्या डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतो. मग लोहचुंबक फिरवून आत मोडून राहिलेले खिळे शोधले, कारण एक खिळा रंध्याचं पातं खलास करतो.

त्या निवडीत आम्हाला आमचं घर पहिल्यांदा दिसलं. वासा आणि भाल जिथे बसत, तिथे पटाशीने मारलेल्या खुणा होत्या: एक रेघ, दोन रेघा, तीन रेघा. जमिनीवर जुळवून, खूण करून, सोडवून मग वर चढवलेलं ते काम. सांध्यांत खिळा जवळजवळ नाहीच. कुसू, खाच आणि लाकडी खुंटी. खिळे होते ते सगळे नंतरच्या दुरुस्त्यांचे, म्हणजे बहुतेक आमच्या वडिलांच्या पिढीचे. एवढी वर्षं त्या छपराखाली झोपून आम्हाला यातलं काही ठाऊक नव्हतं.

तुळईला कड्या जिथे अडकत ती भोकं झिजून लांबट झाली होती. मामांनी तुळई उलटी फिरवली, वरची निकोप बाजू खाली घेतली आणि वीतभर आत नवी भोकं पाडली. जुनी बुजवायची का, असं त्यांनी विचारलं. सगळे एकदम नको म्हणाले. पडवीच्या फणसाच्या खांबांपासून दोन बाजूंना दोन कैच्या केल्या. बुडं मातीत पुरली नाहीत. जांभ्याचे चिरे बसवून त्यांवर लोखंडी बूट ठेवले, म्हणजे वाळवीला चढायला वाट राहत नाही. पाठीला माजघराच्या मोडक्या खिडकीचे कातीव गज.

फळी मात्र चिरली होती. खालून आडव्या पट्ट्या देऊन ती सांधली. तिचा रंग आधी हिरवा होता की चॉकलेटी, यावर आम्हा भावंडांत जोराचा वाद. खरवडल्यावर वर हिरवा निघाला, त्याखाली चॉकलेटी, आणि त्याखाली नुसतं फणसाचं लाकूड. ताजा फणस हळदीसारखा पिवळा असतो, वर्षांनी तो तांबूस तपकिरी होतो. रंध्याखाली पहिली साल निघाली तेव्हा आत अजून पिवळं होतं. ब्रह्मदेशात, सिंहलद्वीपात बौद्ध भिक्खूंची चीवरं याच लाकडाच्या रंगात रंगवत आले आहेत, दक्षिणेत मृदंग याचाच. कोकणात आपण त्याचे खांब, पाट आणि दारं केली. मला फणसाएवढं घरगुती लाकूड दुसरं वाटत नाही. एका टोकाला चुन्याचा पांढरा डाग रंधा मारूनही गेला नाही. आजोबांचा पानाचा डबा तिथेच असायचा.

तेलपाणी उंडीच्या कडू तेलाचं. एक हात द्यायचा, मुरू द्यायचा, मग दुसरा. कड्या जुन्याच, पितळी. खाऱ्या वाऱ्यात लोखंड टिकत नाही, हे जुन्यांना माहीत होतं. चिंचेने घासून त्या लखलखीत करण्याचं काम बडोद्याच्या वहिनींनी अंगावर घेतलं आणि कोणाला हात लावू दिला नाही.

झोपाळा टांगला त्या दिवशी सकाळी नऊ वाजताच आत्या येऊन बसली. भर सकाळी, सगळ्या पुरुषांसमोर, मधोमध. “तुमच्या आज्जीला बसवायला हवं होतं,” म्हणाली. मग नातवंडांना बोलावून एकोणतीसचा पाढा विचारला. कोणालाच येईना. तिने कोणाला उतरवलं नाही. स्वतःच म्हणून दाखवला, आणि पोरांनी मागून म्हटला.

मिरग लागायच्या आत फळी आणि कड्या उतरवून माळ्यावर ठेवतो, कैच्या तशाच उभ्या राहतात. वादळानंतर लावलेले माड आता डोक्यावर गेलेत. गोठ्यात अजून चार वासे आणि एक दाराची चौकट उरली आहे. थोरल्या वहिनींना त्यांचं फडताळ हवं आहे, धाकट्या भावाला पडवीत बाक. सुतारमामांचं म्हणणं, चौकट तोडायची नाही. आधी न्हाणीघराचं दार नीट करून घ्या.