जिमखान्याचे घर आणि आम्ही

मुंबईच्या मरीन लाइन्स स्टेशनाच्या परिसरात, लोहमार्ग आणि समुद्र यांच्यामध्ये मैदानांची एक रांग आहे. पारशी जिमखाना, इस्लाम जिमखाना, हिंदू जिमखाना. गावाकडून आलेल्या आमच्यासारख्यांना पाटीवर ‘इस्लाम’ हा शब्द दिसला की मशीद किंवा मदरसा आठवतो. इथे मात्र त्या शब्दापुढे खेळाचे घर उभे आहे. धर्माच्या नावाने खेळाचे घर का बांधावे लागले, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

उत्तर थोड्याच अंतरावर आहे. १८७५ साली स्थापन झालेला बॉम्बे जिमखाना गोऱ्यांसाठी होता. एतद्देशीयांना त्याचे सभासदत्व नव्हते. पारशी पोरे एस्प्लनेडच्या मोकळ्या मैदानावर क्रिकेट खेळत, तर साहेबांचे पोलोचे घोडे ती जमीन उखडून टाकीत. पारशांनी अर्जविनंत्या करून ही लढाई वर्षानुवर्षे चालवली. पुढे लॉर्ड हॅरिस गव्हर्नर असताना, १८९० च्या दशकात, केनेडी सी-फेसवर जमातवार जागा मिळाल्या. मुसलमानांच्या बाजूने पुढाकार घेणाऱ्यांत बद्रुद्दीन तय्यबजी होते. हेच तय्यबजी १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते. म्हणजे राष्ट्रीय सभेचा अध्यक्ष झालेला माणूस जमातीसाठीही मैदान मागत होता. त्याला यात विसंगती वाटली नसावी. मुख्य दार बंद असेल तर माणूस आपले दार बांधतो.

पण सरकारने जागा दिली ती धर्माची वाटणी करून. मग संघही तसेच झाले. १९०७ पासून तिरंगी, १९१२ साली मुसलमानांचा संघ आल्यावर चौरंगी आणि १९३७ पासून पंचरंगी सामने मुंबईत गाजले. कर्णधार कोण, संघात कोण, यावर अख्खे मोहल्ले बोलत. १९४० च्या डिसेंबरात गांधीजींनी या सामन्यांना विरोध केला. संस्थासंस्थांचे सामने समजू शकतात, पण खेळात हिंदू, मुसलमान, पारशी असे भेद कशाला, असे त्यांचे म्हणणे होते. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक सय्यद अब्दुल्ला ब्रेल्वी यांनीही या स्पर्धेविरुद्ध लेखणी झिजवली. ब्रेल्वी मुसलमान होते, हे मुद्दाम सांगावे लागते. कारण आमच्यातून असा आवाज उठतच नाही, असे आजही सहज बोलले जाते.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. १९४४ च्या अंतिम सामन्यात मुस्लिम संघाने हिंदू संघाला अवघ्या एका गड्याने हरवले. के. सी. इब्राहिम १३७ धावांवर नाबाद राहिले. सामना संपल्यावर विजय मर्चंट विजयी संघाच्या खोलीत जाऊन अभिनंदन करून आले, अशी नोंद आहे. फाळणीला तेव्हा तीन वर्षेही उरली नव्हती. वाटणी वरून लादली गेली, तरी खेळणारी माणसे तिच्याहून मोठी ठरली. इब्राहिम १९४८-४९ मध्ये भारताकडून चार कसोटी सामने खेळले आणि पुढे कराचीला गेले.

घर आपले म्हणून त्याला उंबरठे नसतात, असे नाही. चर्मकार समाजातले पळवणकर बाळू हिंदूंसाठी गडी बाद करीत, पण पुण्यात त्यांचा चहा तंबूबाहेर, वेगळ्या भांड्यात येई. कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते मिळायला १९२३ साल उजाडावे लागले. ही गोष्ट दुसऱ्यांची म्हणून आम्ही बाजूला ठेवणार का? बोहरा, खोजा, मेमन, कोकणी अशा मुंबईकर बिरादऱ्यांची नावे शहराच्या इतिहासात येतात. मराठवाड्यातला पिंजारी, आतार, बागवान, मुजावर त्या इतिहासात कुठे दिसतो? आणि आमच्या लेकी?

हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा ‘वेगळी चूल कशाला?’ असे अनेकांनी विचारले. आमच्यापाशी उत्तर होते, मोठ्या मांडवात आमच्या घरातली भाषा, आमचे दुःख यांना जागा मिळत नव्हती. ते उत्तर खोटे नव्हते. पण वेगळा मांडव घातल्यावर आत कोण बसले आणि बाहेर कोण उभे राहिले, याचा हिशेब आपणच ठेवायचा असतो.

जिमखान्याच्या आवारात आज खेळासोबत शादीचे मांडवही पडतात, सभा होतात. वास्तू वापरात आहे, ही चांगली गोष्ट आहे. तिचा इतिहास मात्र बहुतांशी इंग्रजीत लिहिला गेला. जुन्या धावफलकांचा, छायाचित्रांचा, म्हाताऱ्यांच्या आठवणींचा मराठीत संग्रह व्हायला हवा. ते काम आमचे आहे. ते करताना के. सी. इब्राहिम यांच्या शेजारी पळवणकर बाळूंचे पान असावे, एवढा आमचा आग्रह राहील.