विहीणबाईंच्या माहेरचे शिवार

आमच्या सातगाव पठारावर बटाटा लावणाऱ्याला करपा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. चार दिवस आभाळ भरून आले, झिमझिम लागली आणि सकाळी धुके उतरले की सगळ्यांची नजर पानांच्या कडांवर. काळपट डाग दिसला की झोप उडाली. याच करप्याने एका देशातली लाखो घरे ओस पाडली हे कुठेतरी वाचले होते. पण त्यातले एक घर आमच्याच नात्यात निघेल, हे कधी मनात आले नव्हते.

थोरला मुलगा नोकरीसाठी बोस्टनला गेला आणि त्याने तिथेच लग्न केले. सूनबाई अमेरिकेची, पण तिच्या आईचे पणजोबा आयर्लंडहून आलेले. विहीणबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. दृष्टी अधू होत चालली आहे. ती पुरती जाण्याआधी पणजोबांचे गाव बघायचे, हा त्यांचा हट्ट. मागच्या भाद्रपदात मी मुलाकडे होते, तेव्हा त्यांनी मलाही बरोबर घेतले. म्हणाल्या, "शेतातलं तुम्हाला कळतं. मला कुठे काय कळतंय!"

गाव शोधायचे तर हाताशी काय होते? आडनाव सुलिव्हन, नाव जेम्स. कॉर्क जिल्ह्याच्या त्या बाजूला सुलिव्हन म्हणजे आपल्या कोल्हापूरकडे पाटील. हाक मारली तर निम्मा बाजार वळून बघेल. त्यात थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे, धाकट्याला आईच्या वडिलांचे नाव ठेवायची रीत, म्हणून घरोघरी तेच जेम्स आणि तेच डॅनियल. बाकी घरात चालत आलेल्या गोष्टी. एक चुलतभाऊ सांगतो, जेम्सने जमीनदाराच्या घोड्याला दगड मारला म्हणून रातोरात पळाला. दुसरा सांगतो, घोडा नव्हे, कारकून होता. विहीणबाईंना आजीचा एक शब्द मात्र पक्का आठवतो, 'रुआ'. आजी म्हणायची, आपण रुआंपैकी. त्याचा अर्थ घरात कोणालाच ठाऊक नव्हता.

धागा मिळाला तो बोस्टनच्याच एका जुन्या वर्तमानपत्रात. बोस्टन पायलट नावाच्या त्या पत्रात १८३१ पासून १९२१ पर्यंत हरवलेल्या आप्तांचा शोध घेणाऱ्या जाहिराती छापून येत. भाऊ बहिणीला शोधतो, बायको नवऱ्याला. ओळख पटावी म्हणून जिल्हा, परगणा, कधी कधी वाडीसुद्धा लिहीत. सूनबाईला त्यात आपला जेम्स सापडला. तो धाकट्या बहिणीचा ठावठिकाणा विचारत होता. स्किबरीन गावाजवळच्या एका वाडीचे नाव त्याने दिले होते.

तिथून गाडी डब्लिनला गेली आणि अडली. आयर्लंडचे जुने दप्तर फोर कोर्ट्स नावाच्या न्यायालयाच्या आवारात ठेवलेले होते. १९२२ साली यादवी युद्ध पेटले आणि ३० जून रोजी स्फोट होऊन ते दप्तरखाना जळाला. कागदांचे जळके कपटे शहरभर उडत होते म्हणतात. १८२१ ते १८५१ या चार जनगणनांची जवळजवळ सगळी बाडे त्यात गेली. पुढच्या चार सरकारनेच आधी नष्ट केल्या होत्या. पूर्ण हाती लागतात त्या १९०१ आणि १९११ च्या. म्हणजे दुष्काळात कोण कोण मेले, कोण निघून गेले, ते घरवार सांगणारी वहीच नाही.

सातबाऱ्यासारखे एक दप्तर तेवढे वाचले. ग्रिफिथ नावाच्या अधिकाऱ्याने १८४७ ते १८६४ या काळात देशभर जमिनीची आकारणी केली. कोणती वाडी, कोण कसतो, मालक कोण, क्षेत्र किती, सगळे छापलेले आहे. पण त्यात कसणाऱ्याचे फक्त नाव. बायकापोरे नाहीत. मालकाच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी जमीनदारच.

आता गंमत ऐका. १९०९ च्या जानेवारीपासून सत्तर वर्षांवरच्या गरीब म्हाताऱ्यांना सरकारी पेन्शन सुरू झाले. जन्माची नोंद कोणाकडे असणार? तिथे सगळ्यांचे जन्म नोंदवायला सुरुवातच १८६४ ला झाली. मग वय ठरवायचे कसे? आपल्याकडे 'बहात्तरच्या दुष्काळात रांगत होता' म्हणतात ना, तसे तिथे 'मोठ्या वाऱ्याची रात्र' होती. ६ जानेवारी १८३९ च्या रात्री भयंकर वादळ होऊन घरांची छपरे उडाली होती. ती रात्र आठवते म्हणणारा सत्तरीचा धरत. साहजिकच ज्याला त्याला ती आठवू लागली! १९०१ च्या जनगणनेत अठ्ठावन्न वर्षांची असलेली बाई १९११ त चौऱ्याहत्तरची झालेली दिसते.

ज्यांना साक्ष हवी होती त्यांच्यासाठी कचेरीतले कारकून जुन्या जनगणनेची बाडे उघडून आईबापांची नावे शोधत आणि अर्जावर उतरवून घेत. पुढे बाडे जळाली, अर्ज राहिले. त्याच अर्जांत सूनबाईला जेम्सच्या बहिणीचे नाव मिळाले. आईबापांची नावे तीच, वाडी तीच. १९११ च्या कागदावर तिच्यापुढे लिहिले होते: लिहिता-वाचता येत नाही, भाषा आयरिश आणि इंग्रजी.

विहीणबाई बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे ती इथेच होती. जन्मभर."

भाऊ बोस्टनच्या पेपरात शोधतोय आणि बहीण त्याच वाडीत, जिथे तो सोडून गेला होता तिथेच. तिला पेपर कोण वाचून दाखवणार!

निघायच्या आधी कोव्ह बंदर पाहिले. लाखो माणसे इथून बोटीत बसली. धक्क्यावर ॲनी मूरचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कजवळचे एलिस बेट उघडले तेव्हा पहिले पाऊल तिचे. पुढे ती टेक्सासकडे गेली, असे कित्येक वर्षे सगळे सांगत आले. २००६ साली कळले की ती ॲनी मूर दुसरीच. खरी न्यूयॉर्कमध्येच संसार करून १९२४ साली वारली होती. ज्या मुलीचा पुतळा उभारला तिचीही ही गत, तर आमच्या जेम्सची काय कथा!

स्किबरीनला गावाबाहेर नदीकाठी एक दफनभूमी आहे. हिरवळीचा मोकळा तुकडा. त्याखाली आठ ते दहा हजार माणसे पुरली आहेत, एकाचेही नाव नाही. १८४५ ते १८५२ या काळात सुमारे दहा लाख माणसे मेली, दहा लाखांहून जास्त देश सोडून गेली. बटाटा लम्पर नावाच्या एकाच वाणाचा, आणि गरिबाच्या ताटात दुसरे काही नाही. बोर्डो मिश्रण निघाले ते पुढे १८८० नंतर. ते तेव्हा असते तर, असे माझ्या मनात येऊन गेले. पण नुसता रोग नव्हता. १८४७ च्या कायद्याने पाव एकराहून जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत बंद केली. पाव एकर म्हणजे आपले दहा गुंठे. पोराच्या तोंडात घास हवा तर जमीन सोडा. हे मुलाने मला समजावून सांगितले तेव्हा हातातला चहा गार झाला.

वाडी सापडली ती एका उतारावर. आता तिथे तीनच घरे आहेत. एका घरातल्या वृद्ध शेतकऱ्याने आम्हाला आत बोलावले, चहा केला, ब्रेड-लोणी पुढे ठेवले. सूनबाईने कागद दाखवले. त्याने चष्मा लावून पाहिले आणि मान हलवली. सुलिव्हन इथे पाच घरे होती म्हणाला, कोणते तुमचे ते कसे सांगू? विहीणबाईंचा चेहरा उतरला. तेवढ्यात त्यांनी सहज तो शब्द उच्चारला.

म्हातारा हसला. रुआ म्हणजे आयरिशमध्ये तांबडा, तांबड्या केसांचा. आडनाव एकच असलेल्या घरांना ओळखायला अशी टोपणनावे असत. आणि वरच्या अंगाचा एक तुकडा आहे, त्याला त्याचे वडील रुआचे शेत म्हणत.

आम्ही वर गेलो. ऊन तिरपे झाले होते. गवताखाली समांतर वरंबे स्पष्ट दिसत होते, एकामागून एक, थेट दगडी कुंपणापर्यंत. बटाट्याचे वरंबे. इतक्या वर्षांत कोणी नांगर घातलेला नाही. अशा चढावर कोण बटाटा लावतो? ज्याला दुसरी जमीनच नाही तो.

सूनबाई हिशेबी. ती म्हणाली, "पुरावा नाही, आई. तांबड्या केसांचे दुसरेही असतील." खरे आहे. कागदावर ते शेत जेम्सच्या बापाचे आहे असे कुठेही लिहिलेले नाही.

विहीणबाईंनी ऐकले की नाही कोण जाणे. त्यांना वरंबे नीट दिसत नव्हते, म्हणून त्यांनी माझा दंड धरला आणि पायाने चाचपत चालू लागल्या. उंच, सखल, उंच, सखल. मी मराठीत मोजत होते, त्या इंग्रजीत. चौदाव्या वरंब्याला आमचे आकडे चुकले, तेव्हा त्या मागे वळून म्हणाल्या, पहिल्यापासून मोजू या.