पौषातली चढण

सुपा, ता. पारनेर

लाडक्या भाचीस,


तुझं स्कीइंगचं पदक मोबाइलवर पाहिलं आणि शेजारीपाजारी सगळ्यांना दाखवून आलो. ज्या कॅलगरीत १९८८ चं हिवाळी ऑलिंपिक झालं, तिथल्या पोरांच्या बरोबरीनं आपली पोर बर्फाचा उतार उतरते, याचा मला फार अभिमान वाटतो. पण फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, "मामा, तुमच्याकडे हिवाळ्यात खेळ नव्हतेच ना?" होते गं. आणि त्यात तुझ्या आईचा मोठा वाटा होता. आक्कानं तो तुला कधी सांगितला नसणार, म्हणून हे पत्र.

आपला पारनेर तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरच सांडून जातो, आमच्या वाट्याला वारा येतो. सुप्याजवळच्या डोंगरावर आता पवनचक्क्या फिरतात. आमच्या लहानपणी तिथं नुसतं कुसळी गवत असायचं. मार्गशीर्ष-पौषात पहाटे कान बधिर व्हायचे, शेतात ज्वारी निसवलेली असायची आणि गावोगावच्या यात्रांचे बेत सुरू व्हायचे. यात्रा म्हटली की कुस्त्यांचा हगामा आलाच. सुरुवातीला लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या. अंगाला माती लावून थंडीत उभं राहायचं, जिंकलं की मूठभर रेवड्या. मीही लढलो आहे. पण आमच्या घराचं खरं वेड बैलगाड्याचं.

आपल्या तालुक्यात कान्हूर पठाराच्या पुढे पिंपळगाव रोठ्याला कोरठणचा खंडोबा आहे. त्याची यात्रा पौष पौर्णिमेला भरते. मानाच्या काठ्या येतात, भंडाऱ्यानं माणसं पिवळी होतात आणि घाटात शर्यती लागतात. घाट म्हणजे शर्यतीची चढण. तू वरून खाली येतेस, आमचे बैल खालून वर जातात. पुढे घोडी, मागे चार बैल, गाड्यावर हाकणारा कोणी नाही. निशाण पडलं की बैल धरणारे बाजूला उड्या घेतात, भोंग्यावरून "भिर्रर्र" ऐकू येतं आणि श्वास सोडेपर्यंत बारी संपलेली असते. सगळा हिशेब सेकंदांचा. तुझ्या खेळातही तेच घड्याळ आहे, त्यामुळे ही जीवघेणी घाई तुला मी समजावून सांगायला नको.

आमच्या गाड्याचं एक खिलार खोंड आक्कानं वाढवलेलं होतं. शाळेत जायच्या आधी ती त्याला दाव्यानं धरून डोंगराकडे न्यायची आणि चढणीला त्याच्याबरोबर पळायची. पायात चप्पल नसायची. आल्यावर भिजवलेली पेंड, कणकेचे गोळे, कडबा. आमच्या वडिलांनी, दादांनी, खोंडाच्या अंगावर काठी टाकलेली तिला खपत नसे. ती नुसती जीभ टाळ्याला लावून आवाज करायची आणि ते कान टवकारून सुटायचं. पुढे ते खोंड कोरठणला पळालं, आमच्या गाड्याला बक्षीस लागलं, गावात दादांच्या अंगावर गुलाल पडला. आक्का त्या वेळी घरी भाकरी थापत होती. घाटावर बाईमाणसानं जायची रीत नव्हती. मला ही गोष्ट तेव्हा खटकली नाही, कोणालाच खटकली नाही. आज फार खटकते.

पुढचंही तुला माहीत असावं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं या शर्यतींवर बंदी आणली. शेपट्या पिरगाळणं, टोचणं, चाबूक हे सगळं अनेक घाटांत चालायचं, त्यामुळे न्यायालयाचा आक्षेप खोटा नव्हता. पण बंदीनं जीव लावून खिलार सांभाळणाऱ्यांच्या दावणीही ओस पडल्या. राज्यानं २०१७ मध्ये कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं तो कायदा मान्य केला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची तपासणी होते. माझं मत स्पष्ट आहे: ज्या घाटात काठी दिसेल, तो घाट त्याच दिवशी बंद करावा. काठीशिवाय बैल पळतो, हे मी माझ्या बहिणीच्या खोंडात पाहिलं आहे.

आता पुन्हा तुझ्या खेळाकडे येतो. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकला भारतातून एकटाच खेळाडू गेला होता, आरिफ खान, गुलमर्गजवळचा. घराजवळचाच बर्फाचा उतार त्याच्या कामी आला. डोंगराशेजारी वाढलेल्या पोराचे पाय वेगळेच घडतात, असं मला मनापासून वाटतं. तुला पदक मिळालं तेव्हा तुझ्या प्रशिक्षकानं तुझ्या मांड्यांच्या ताकदीचं कौतुक केलं, असं तू सांगितलंस. त्यातलं थोडं श्रेय या चढणीला आणि तुझ्या आईला दे. तिला एकदा विचार, खोंडाला हाक कशी मारायची. ती अजून विसरली नसेल.

आता काही मुली स्वतः बैल जुंपतात, शर्यतीला घाटावर बायाही दिसतात. आक्कानं मात्र कोरठणचा घाट अजून एकदाही पाहिलेला नाही. २०२७ साली पौष पौर्णिमा २२ जानेवारीला आहे. तुमच्याकडे शाळा चालू असेल, थंडीचा हंगाम भरात असेल, तरी आठवड्याभराची रजा काढ आणि तिला घेऊन ये.

तुझा,
मामा