चार बोटे

1993 साली निवृत्त झाल्यावर वडिलांनी जामुलच्या घरातील स्कूटरची खोली रिकामी केली आणि तिथे आपले कामाचे टेबल मांडले. मला ते वार्धक्याचे चाळे वाटले. जमीन त्यांनी स्वतः घातली, तीही स्लॅग सिमेंटची. भिलाईच्या झोतभट्टीतील धातुमळी क्लिंकरबरोबर दळून होणारे हे सिमेंट सावकाश मुरते; मुरल्यावर मात्र कोणाला दाद देत नाही. (वडिलांचा स्वभावही काहीसा असाच होता.)

व्हाइसचा जबडा उभ्या माणसाच्या कोपराशी यावा, नाहीतर कानस डुलते, हा फिटरचा नियम. मापासाठी त्यांनी मला उभे केले. मी त्यांच्याहून उंच. कोणासाठी हे टेबल, असे मी विचारले नाही. दोन वर्षे सुट्टीत घरी येऊन मी खुशाल पुस्तके वाचत राहिलो. मग एका सकाळी त्यांनी काही न बोलता टेबलाचे पाय चार बोटे कापले.

परवा खिडकीची बिजागरी घासायला तिथे उभा राहिलो, तर कानस डुलली. पायांखाली एकेक वीट ठेवली की झाले. विटा आणून दाराशी ठेवल्या आहेत.