अंगणातली कळलावी

मध्यंतरी एका अमेरिकन सहकाऱ्याने अंगणातल्या आयरिसचे फोटो पाठवले. नर्सरीतली संकरित जात नव्हे, त्याच्याच भागातली रानटी. आपल्याकडे रानटी आयरिस बघायची तर थेट हिमालय गाठावा लागतो. मग नाशिककराने आपलं म्हणून कुठलं रानफूल लावावं? माझं उत्तर - कळलावी.

श्रावणात त्र्यंबकच्या बाजूला गेलात तर कुंपणांवर शोधा. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, टोकं मागे वळलेली. फूल आधी हिरवट-पिवळं, मग केशरी, शेवटी लालभडक. म्हणूनच ती अग्निशिखा. पानाचं टोक स्प्रिंगसारखं गुंडाळतं आणि त्याच आधाराने वेल वर चढते.

"कळलावी? घरात? भांडणं लागतील!" इति आई. हा समज जुना आहे. कंद बाळंतकळा आणण्यासाठी वापरत, म्हणून हे नाव, असंही सांगतात. बायकोचा आक्षेप मात्र खरा होता. मुलगी तेव्हा तीन वर्षांची, आणि ही वेल विषारी. कंदात आणि बियांत कोल्चिसिन असतं. गाऊटवर तेच औषध म्हणून देतात, पण प्रमाण चुकलं तर जीव जातो. औषधासाठी तामिळनाडूत तिची शेती होते. तिथलं ते राज्यफूलच आहे.

दोन दिवस घरात जोरदार वाद. म्हणजे वेल यायच्या आधीच तिने नाव सार्थ केलं! शेवटी तोडगा निघाला: कुंडी गच्चीवर, दाराला वरची कडी, कंद हाताळताना हातमोजे आणि शेंगा हिरव्या असतानाच काढायच्या.

डोंगरातून कंद उपटून आणायचा नाही हे आधीच ठरलं होतं. औषधासाठी लोक तेच करतात आणि वेल कमी होत जाते. मित्राच्या शेताच्या बांधावरून बिया आणल्या. आपली काळी माती पाणी धरून ठेवते, म्हणून निम्मी वाळू मिसळली. पहिले तीन पावसाळे नुसती पानं! दिवाळीपर्यंत तीही वाळायची. मग जूनपर्यंत मातीची कुंडी तेवढी दिसायची. या काळात पाणी घालायचं नाही, कंद कुजतो. दर वर्षी जुना कंद संपतो आणि नवा तयार होतो, नांगराच्या आकाराचा. लांगली हे संस्कृत नाव त्यावरूनच. त्याच्या टोकाशी नाजूक कोंब असतो, तेवढा जपायचा.

चौथ्या वर्षी फूल आलं. मुलगी तोवर दुसरीत गेली होती. पाहुणे गच्चीवर आले की आता तीच आधी बजावते, "बघायचं, हात लावायचा नाही!"

मला वाटतं, आईची ती भीती म्हणजेसुद्धा जुन्या लोकांनी लावून ठेवलेला वॉर्निंग मेसेजच असावा. विषाचं रसायन समजावण्यापेक्षा 'घरात भांडणं लागतील' हे पटकन पटतं. आता कडीही आहे आणि कारणही माहीत आहे, त्यामुळे वेल सुखाने नांदते आहे.

आई मात्र अजूनही तिला अग्निशिखाच म्हणते. उगाच विषाची परीक्षा कशाला :-)