कोळशातली आई

१५१४ साली आल्ब्रेख्त ड्यूररनं 'मेलेंकोलिया' हे चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. केसाएवढ्या बारीक रेघांवर त्याच्याइतकी हुकमत क्वचितच कुणाची. पण त्याच वर्षी आईसमोर बसला तेव्हा ती कोरणी त्यानं बाजूला ठेवली आणि हातात कोळसा घेतला. आईचं हे चित्र आज बर्लिनच्या संग्रहालयात आहे. त्याची छापील प्रत पाहताना मी दरवेळी या निवडीपाशी अडतो.

वेलीच्या नाहीतर विलोच्या काड्या हवा लागू न देता भाजल्या की चित्रकाराचा कोळसा तयार होतो. त्यात डिंक नाही, तेल नाही. भुकटी कागदाच्या खरबरीत अंगावर नुसती टेकलेली असते. हलका हात फिरला तर करडी, दाबला तर काळीठिक्कर. फुंकर मारली तरी थोडी उडते. ब्रेडच्या गरानं तर सहज पुसली जाते. घरच्या माणसाचा चेहरा काढताना मला हेच हवं असतं. पेन्सिलीनं डोळ्याखालची सावली रेघ-रेघ जमवत आणावी लागते. कोळशावर बोट फिरवलं की ती उतरते, आणि तेवढा वेळ आपण आत्याच्या गालावरून हात फिरवत असतो. एरवी तिनं ते मुळीच चालवून घेतलं नसतं. (मग माझ्या कपाळावरची काजळी बघून ती हसते, आणि बैठक मोडते ती मोडतेच.)

म्हणून कोळसा हळवा, असं मात्र नाही. ड्यूररनं काहीही मऊ केलेलं नाही. त्याची आई बार्बरा त्रेसष्ट वर्षांची, अठरा मुलांना जन्म दिलेली. त्यांतली तीनच जगली. कपाळावर आठ्या, गालफडं बसलेली, ओठ घट्ट मिटलेले, गळ्याच्या शिरा ताठ. डोळे खोबणीतून पुढे आलेले, आणि नजर मुलाकडे नाहीच. डोक्यावरचं वस्त्र त्यानं सैल रेघांत उरकलंय. सगळा जीव चेहऱ्यात ओतलाय. कलाकुसर दाखवायला इथं जागाच नाही. केटे कोल्विट्झनं १९३३ साली, चित्र काढत असलेली स्वतःच कोळशात उतरवली, तेव्हाही चेहरा निगुतीनं घडवला आणि हाताच्या जागी नुसता धसमुसळा नागमोडी फटकारा ओढला. हे धाडस तिला कोळशानंच दिलं, असं माझं मत आहे.

ड्यूररचं चित्र मार्चमधलं. मे महिन्यात बार्बरा गेली. आईचं वय त्यानं त्या कागदावर कोळशानंच लिहिलं होतं. तिच्या मृत्यूची नोंद नंतर शाईनं केली.