शिवणीतली माया

शिवणकामात ‘माया’ नावाची एक गोष्ट असते. टीप मारल्यावर शिवणीच्या आत जे जास्तीचे कापड राखून ठेवतात, ती माया. कपडा अंगाला आवळू लागला की जुनी टीप उसवायची, माया सोडायची आणि नवी टीप मारायची. कर्ज देताना तारणाच्या किमतीत आम्ही बँकेत जे मार्जिन राखत असू, त्याचेच हे घरगुती रूप. हे साम्य मात्र मला सदतीस वर्षांची नोकरी संपल्यावर उमगले.

माझे बालपण सांगलीत गेले. वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. आम्हा चार भावंडांचे कपडे आई घरीच शिवत असे. माजघरातल्या खिडकीशी तिचे ‘उषा’चे पायमशीन असे. घरात चामडे नको म्हणून त्याचा पट्टा काढून तिने प्लॅस्टिकचा बसवून घेतला होता. नवे कापड ती कधीही लगेच बेतत नसे. सुती कापड पहिल्या पाण्यात आटते, म्हणून ते रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून मगच ती कात्री हाती घेई. खुणा करायला साबणाची झिजलेली चीप पुरत असे. थोरल्या भावाचा स्वेटर उसवून ती माझा विणी. उसवलेल्या लोकरीच्या लडीला कोमट पाण्यातून काढून, खाली ओझे बांधून टांगले की तिच्यातले वेटोळे सरळ होत. मग रात्री जेवणे आटोपल्यावर दोन सुलट, दोन उलट असे टाके चालू होत.

माझ्या फ्रॉकच्या घेराला आई चार बोटांची दुमड ठेवी आणि शाळा सुरू होताना ती थोडी थोडी सोडी. वरचे कापड धुऊन धुऊन विटलेले, दुमडीतून सुटलेले तेवढे गडद, आणि मधोमध जुन्या दुमडीची रेघ. वर्गातल्या मुली त्या रेघा मोजून फ्रॉकचे वय सांगत. मी घरी येऊन आईवर चिडे. ती शांतपणे म्हणे, “अगं, माया सोडलीय. तू वाढलीस म्हणून सोडलीय.” त्या वयात हे समजणे शक्य नव्हते.

एम. कॉम. झाल्यावर १९८१ मध्ये मी बँकेत लागले. पहिल्या पगारातून आईला साडी घेतली, शिंप्याकडून ब्लाऊज शिवून आणला आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, “आता मी मिळवते आहे. तू मशीनवर पाठ मोडून घ्यायची गरज नाही.” आई काहीच बोलली नाही. काही महिन्यांनी मशीनवर एक चादर पडली, पुढे तिच्यावर फुलदाणी आली. आपण आईला कष्टांतून सोडवले, या समाधानात माझी सारी नोकरी गेली.

गेल्या वर्षी घरात नातीची चाहूल लागली, तेव्हा झबले शिवण्याची हौस मला आली. मशीन दुरुस्त करून घेतले, नवे कापड आणले आणि चार दिवस खपून एक झबले शिवले. आई आता सत्त्याऐंशी वर्षांची आहे. काचबिंदूने तिची दृष्टी जवळजवळ गेली आहे. झबले तिच्या हाती दिले. तिने ते बोटांनी चाचपले आणि म्हणाली, “शिवण आत का घेतलीस? बाळाच्या अंगाला टोचेल. झबल्याची शिवण बाहेर ठेवावी. आणि मागे बटणं कशाला? बाळ पाठीवर निजतं, त्याला रुततील. बंद लाव. कापडही नवं नको, माझी जुनी सुती साडी घे.” मग कडेवरून बोट फिरवून क्षणभर थांबून म्हणाली, “आणि माया ठेवलीच नाहीस.”

दुसऱ्या दिवशी तिने सांगितले आणि मी कापले. गळ्याला किती बोटे, लांबीला किती विती, सारे तिच्या हातांच्या मापात. टीप वाकडी जात आहे, हे तिला मशीनच्या आवाजावरून कळे. तीन दिवसांत पाच झबली झाली. तिसऱ्या संध्याकाळी तिने विचारले, “उद्या काय बेतायचं?” उद्याविषयीचा प्रश्न तिने गेल्या कित्येक वर्षांत विचारला नव्हता.

त्या रात्री मी धीर करून विचारले, “मी मशीन बंद करायला लावलं, तेव्हा तुला वाईट वाटलं का गं?” ती म्हणाली, “पगार ह्यांचा होता, पुढे तुझा आला. मशीन तेवढं माझं होतं.”

जन्मभर इतरांची खाती तपासणाऱ्या मला घरातले हे एक खाते कधी दिसले नाही. आईने वाचवलेली शिलाई वडिलांच्या जमाखर्चात कुठे जमा झाली नाही, आणि तिचे काम काढून घेतले तेव्हा ते कुठे नावेही पडले नाही.

हिशेबाच्या सवयीने सांगते, घरी शिवणे आज स्वस्त राहिलेले नाही. कापड, दोरा आणि मशीनची दुरुस्ती धरली तर तयार फ्रॉक कित्येकदा कमी किमतीत मिळतो. पण तो उलटून पाहावा. ओव्हरलॉक मशीन शिवण घालता घालताच कडेचे कापड छाटते. सोडायला आत काही उरतच नाही, म्हणून मूल वाढले की कपडा बाद. यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ मध्ये शिवणयंत्राला अपवाद मानले होते. पत्नीचे शिवणाचे कष्ट पाहून, तिच्यावरील प्रेमापोटी सिंगर यांनी ते घडवले, असे ते सांगत. आईचे मशीन ज्याने पाहिले आहे, त्याला हा अपवाद पटेल.

आमच्या नातीला आता पहिला फ्रॉक शिवायचा आहे. घेराला चार बोटे दुमड ठेवायची, असे आईने बजावले आहे. ज्या घरी मशीनवर फुलदाणी आहे, त्यांनी ती एकदा उचलावी आणि ते मशीन जिचे आहे तिला विचारावे, “उद्या काय बेतायचं?”